दोन पानं एकदम

मे महिना. जेल रोडच्या समाजमंदिरात
सकाळी साडेनऊला मी सतरंजी अंथरते.
तिच्यावर बारशांचे, बाराव्यांचे डाग आहेत,
मुलं त्यांचे नकाशे करतात:
ही श्रीलंका, हे माझ्या मामाचं गाव, इथून नदी.

पहिल्या दिवशी नऊ आली.
त्यातली चार पंख्यासाठी,
दोघी धाकट्यांना कडेवर घेऊन,
आणि हर्षल धोंगडे,
कारण आईने त्याला घराबाहेर काढलं होतं.
मी पहिली ओळ वाचली
आणि देवळालीकडे तोफांचा सराव सुरू झाला.
धडाम्. खिडकीची काच थरथरली.
मी थांबले.
रिदा म्हणाली, "ते रोजचंच आहे. तुम्ही वाचा."

मला आवाज काढता येत नाहीत.
माझा वाघ आणि माझा शिंपी
एकाच सुरात बोलतात.
मला फक्त कागद कळतो.
बत्तीस वर्षं नोटप्रेसमध्ये ताव मोजले,
अंगठा आणि तर्जनी, अंगठा आणि तर्जनी,
घरी पोळ्यासुद्धा तशाच मोजायचे.
हे मी मुलांना सांगितलं, जरा मिरवूनच:
डोळे मिटा. हे एक पान. हे एक.
आणि ही दोन एकदम. ऐकलंत? जाड वाजतं.
या बोटांतून
दोन कागद एकदम कधी गेले नाहीत.
मग दोन दिवस सगळी
जुन्या वह्या कानाला लावून बसली.

दुसऱ्या आठवड्यात बावीस झाली.
पिंपळगावच्या नणंदेने बेदाणे पाठवले होते,
शेवटी प्रत्येकाला पाच.
नियम एकच: तात्पर्य कुणी विचारायचं नाही.
मीही नाही.

त्या बुधवारी खारीची गोष्ट होती.
रात्री घरी चाळून ठेवली होती,
म्हणून मला माहीत होतं
सतराव्या पानावर काय आहे.
खारीची आई दाणे आणायला जाते.
अंधार पडतो. ती येत नाही.
एवढंच. खाली झाडाचं चित्र.

आणि समोर, खांबाला टेकून, सुमेध पगारे.
मार्चमध्ये त्याची आई दवाखान्यात गेली
ती घरी आली नाही.
तेव्हापासून शर्टाची बटणं
एक घर चुकलेली असतात.

सोळावं संपलं.
मी अंगठा जरा खोल घातला
आणि एकोणिसाव्यावर आले.
तिथे सकाळ झालेली होती.
वाचू लागले, जरा मोठ्याने.

"मावशी, दोन गेली."

"चिकटली असतील रे, उकाड्याने."

"नाही," तो म्हणाला. "तुमची चिकटत नाहीत."

पंखा फिरत होता.
बावीस तोंडं माझ्या बोटांकडे बघत होती.
बत्तीस वर्षांत साहेबांसमोर
अशी मान खाली गेली नव्हती.
मी पान मागे घेतलं. एक.
वाचलं. आवाज कुठला काढणार,
जसा होता तसाच निघाला.
आई गेली. अंधार पडला. ती आली नाही.

कुणी हललं नाही.
सुमेधने चित्र मागितलं.
गुडघ्यांवर पुस्तक धरून
झाडाकडे बराच वेळ बघत बसला,
मग म्हणाला, "घरात दिवा दाखवायला हवा होता.
दिवा लावतात ना."
आणि पुस्तक परत दिलं.

रिदाने विचारलं, "मग खार जेवली कुणाकडे?"
पुस्तकात ते नाही.
मुलंच सांगायला लागली:
शेजारच्या कबुतरीकडे. मावशीकडे.
अंगणवाडीत, तिथे रोज उसळ असते.
हर्षल म्हणाला, जेवलीच नसेल.

सुमेध म्हणाला, "पप्पा करतात खिचडी.
खालून करपते.
वरची वरची खायची."

अकरा वाजून गेले होते.
दारात कुणाची तरी आई हाका मारत होती.
बेदाणे वाटायचे राहिले.