चौसष्ट टक्के

प्रेयेने रॉटरडॅमहून प्रोसेसर पाठवला
लोकरी मोज्यात गुंडाळून.
मोजा एकच. दुसरा बहुधा त्याच्या पायात.
सोबत निरोप : एबिएरे, बसव आणि मला दुवा दे.

मी बसवणारच होते.
इबिनाबोबाईंच्या अंत्ययात्रेची फिल्म,
तीन बँड, दोनशे एक्केचाळीस नातलग एकाच निळ्या कापडात,
रात्रभर चालून चौसष्ट टक्क्यांवर गोठायची
आणि सकाळी त्यांचा थोरला फोन करायचा :
"काय हो, आमची आई अजून वाटेतच का?"

इकेजाच्या त्या गल्लीत, शिडीखालच्या दुकानात
ओकेझीने डबा उघडला, पण स्क्रूला हात लावला नाही.
आधी चष्मा शोधला. तो कपाळावरच होता.
मग बॅटरीच्या झोतात
धुळीखालचा बोर्डाचा नंबर वाचला,
एकदा डोळ्यांनी, एकदा बोटाने,
आणि सिगरेटच्या पाकिटावर उतरवला.

"पिना तेराशे एकतीस. भोकंही तेवढीच.
जाईल आत."
मी पर्स उघडली.
"जाईल म्हटलं. चालेल असं कुठं म्हटलं?
माझ्या मेहुण्याचे बूट मला होतात,
म्हणून त्याची बायको मला नवरा म्हणत नाही."

मग तो विचारत गेला. पॉवर सप्लाय किती जुना?
जुना प्रोसेसर पासष्ट वॉट खातो, हा एकशे पाच,
मग पंखा तोच ठेवणार?
खोलीला खिडकी आहे?
रॅम कुणाकडून घेतली, खरं सांग.
मी एकेकाचं उत्तर देत होते
आणि घरातलं सगळं न सांगताच बाहेर पडत होतं :
खिडकी नाही, पंखा एकच, तोही मशीनकडे तोंड करून.

"आता मुख्य," तो म्हणाला.
"हा बोर्ड सहा वर्षांपूर्वीचा.
तुझ्या भावाच्या मोज्यातला तेव्हा जन्मलाच नव्हता.
बोर्डाच्या यादीत त्याचं नाव नाही.
नाव घालायचं तर बायोस नवा हवा,
आणि तो घालायला मशीन चालू हवं.
चालू कोण करणार? जुनाच."

मी जुन्याकडे पाहिलं.
म्हणजे पंख्याकडे, कारण तो पंख्याखाली होता.

"आणखी एक. त्या चिपमध्ये जागा इवलीशी.
नवी नावं लिहिताना ती जुनी पुसते.
यानंतर हा बोर्ड याला ओळखणार नाही."

"याच्याच हातून?"

"दुसऱ्या कुणाचे हात आहेत इथं?"

पेनड्राइव्ह लावला. पट्टी सरकू लागली.
मुदाशिरू, त्याचा पोऱ्या, भाजकी केळी घेऊन आला
आणि दारातच थांबला,
कारण वीज गेली.

सबंध गल्लीतले जनरेटर एकामागून एक खोकले.
ओकेझी हलला नाही.
टेबलाखाली ट्रकची बॅटरी, तिच्यावर इन्व्हर्टर,
दर चार सेकंदांनी एक बारीक किंकाळी.
पट्टी चौसष्टवर.
चौसष्टवरच.
मी इबिनाबोबाईंचं नाव घेतलं. का ते विचारू नका.
आयुष्यात कधी भेटले नाही त्यांना,
पण महिनाभर त्यांचा चेहरा कापत, जोडत, उजळत होते.

पासष्ट.

पुढचं सोपं होतं. घाम गाळणारं, पण सोपं :
जुनी पेस्ट स्पिरिटने पुसली,
सोनेरी त्रिकोण त्रिकोणाशी जुळवला,
दाब दिला नाही, नुसता सोडला,
आणि तो आपल्याच वजनाने आत बसला.
पडदा काळा. अजून काळा.
केळी निवली.
मग कोपऱ्यात पांढऱ्या अक्षरांत
त्याचं नाव.

जुना माझ्या तळहातावर,
बिस्किटाएवढा, अजून कोमट.
मी तो मोज्यात घातला.

"विकणार का?" मुदाशिरूने विचारलं.
"माझ्या मावसभावाकडे एक मशीन आहे…"

ओकेझी चष्मा कपाळावर सरकवत म्हणाला,
"बोर्डाचा नंबर आण आधी."