पासंग

पॅन्ट घालताना पडलो.
एवढंच. डाव्या पायावर उभा, उजवा उचललेला,
आणि कपाटाचा आरसा अचानक वर निघून गेला.
सोसायटीत सांगतो, बाथरूममध्ये घसरलो.
बाथरूमला निदान काही प्रतिष्ठा असते.

चौतीस वर्षं वजनमापं तपासली मी.
मशीद बंदर, भुलेश्वर, भाऊचा धक्का.
पिशवीत हातोडी, खिशात सालाचा ठसा;
वजनाच्या पोटातल्या शिशावर एक घाव
की पुढच्या तपासणीपर्यंत तो किलो, किलो.
खिमजीशेठच्या पेढीवर पारड्याखाली
चिंचेचा गोळा सापडला, लिंबाएवढा.
म्हणाला, साहेब, पासंग आहे.
म्हटलं, एवढा पासंग, तर ताजवा कशाला ठेवलाय?

आता भांडुपच्या दोन खोल्यांत, टीव्हीसमोर
नातवानं एक पाट मांडून ठेवलाय.
पांढरा, प्लास्टिकचा. यावर बसायचं नाही,
उभं राहायचं. पडद्यावर होडी.
मी झुकेन तिकडे ती झुकते.
कोपऱ्यात एक लाल ठिपका थरथरत असतो.
"आजोबा, तो तुमचा मध्य," ओजस म्हणाला
आणि रात्रीच्या बसनं हैदराबादला गेला.

मला वाटायचं, माझा मध्य बेंबीच्या आसपास असेल.
तो निघाला डाव्या टाचेच्या मागे,
रजेचा अर्ज न देता
कँटीनमध्ये बसलेल्या कारकुनासारखा.

रोज पंधरा मिनिटं, असं फिजिओ ग्लेनिसबाईंनी सांगितलंय.
खडक येतात, पिंपं तरंगत येतात,
एक पक्षी उगाच ओरडतो.
पहिल्या आठवड्यात एकोणीस वेळा बुडालो
आणि दर वेळी टीव्हीतली मुलगी
त्याच गोड आवाजात: छान प्रयत्न!
असलं खोटं माप बाजारात दिसतं
तर जप्त केलं असतं.

हेमलता मागे सोफ्यावर कडवे वाल सोलत असते.
"तुमचा तोल ना," ती म्हणते,
"तो सत्त्याऐंशीतच गेला होता, सुहासच्या बारशाला.
सगळ्या पाहुण्यांदेखत."

तिसऱ्या आठवड्यात शोध लागला:
खिडकीचा गज हाताच्या अंतरावर आहे.
करंगळी. फक्त करंगळी टेकवली.
होडी अशी सरळ निघाली की पक्षीही गप्प.
आठशे चाळीस गुण! पडद्यावर फटाके.
पाटाला काय कळतंय, त्याला फक्त तळवे कळतात.
मी फटाके बघत उभा, करंगळी गजावर,
आणि मागून, मान वर न करता,
वाल सोलत सोलत ती म्हणाली,
"खिमजीशेठ."

बस्स, तेवढंच.

पाट मीच ओढला, गजापासून दोन हात लांब.
चाळीस गुणांवर बुडालो. मग साठ. मग पुन्हा चाळीस.
छान प्रयत्न! छान प्रयत्न!
मग केव्हातरी ती उठली असावी,
कारण वालाचा उग्र वास जवळ आला
आणि कमरेच्या दोन्ही बाजूंना
हवा जराशी गरम झाली.
"हात लावू नकोस."
"लावलाय कुठे?"

खरंच लावला नव्हता. मधे वीतभर जागा होती.
ठिपका थरथरला, टाचेकडून निघाला,
रांगत रांगत आत आला
आणि थांबला. किती वेळ, मोजलं नाही.

त्या वीतभर हवेला काय म्हणायचं?
नियमात तिच्यासाठी कलम नाही.
नोकरीत असतो तर वहीत लिहिलं असतं:
तपासले. किंचित फरक आढळला.
वापर चालू ठेवण्यास हरकत नाही.

आज सकाळी पॅन्ट पलंगावर बसूनच घातली.
पण रात्री काढताना, एक पाय,
फक्त उजवा, उभ्यानं काढला.
ती तेव्हा स्वयंपाकघरात होती,
कुकरची शिट्टी मोजत.
कुणी पाहिलं नाही.
म्हणून तर सांगतोय.