इतर हक्क

सर्व्हे नंबर एकोणसाठ, हिस्सा तीन अ.
कागदावर अकरा गुंठे.
तांबळडेगात मोजणीदार फीत ओढत गेला
आणि सातव्या गुंठ्यावर त्याचे बूट भिजले.

नऊ जण सामाईक. माझी आणेवारी
एक आणा चार पै,
म्हणजे एक माड, तोही
पडवीच्या बाजूने झुकलेला.
माडाखालची चूल द्वारकीकाकीची,
हयातीपुरती. विकता येत नाही,
तशी नोंदच आहे.

उरलेले चार गुंठे?
त्याने नुसतं पाण्याकडे बोट केलं.
बारा वर्षं झाली,
उघड, अखंड, बिनहरकत
तो तिथे वहिवाट करतोय.
नोटीस काढायची कुणाच्या नावे?

काकीने चुलीत करवंटी सारली.
"त्याचोय हक्क," ती म्हणाली,
"हयातीपुरतोच असतलो."