चार आवर्तनं

नोव्हेंबरात वार्डोला दोन वाजताच अंधार.
मुलं कॉर्नेट जॅकेटच्या आत, पोटाशी धरून आणतात,
नाहीतर पितळ ओठाला चिकटतं.
मागच्या वर्षी तेवीस होती. आता अकरा.
मासळीचा कारखाना मिटला, तशी घरं उठत गेली.

आइलिफ गेला शुक्रवारी, आईबरोबर, ट्रॉम्सोला.
ट्यूबा शाळेचा, म्हणून मागे राहिला,
त्याच्याच खुर्चीवर, विसरलेल्या मफलरसकट.

मे महिन्याच्या मिरवणुकीची धून काढली.
तिच्यात चार आवर्तनं एकट्या ट्यूबाची,
बाकीच्यांनी गप्प बसायचं.
ती गाळायची, असं कालच ठरवलं होतं,
पेन्सिलीने फुलीही मारली होती.
पण हात थांबेना माझा.
एक, दोन, तीन, चार.
हीटरची घरघर. बंदरात कुठलातरी दोर
डोलकाठीवर आपटतोय,
बेतालच.

सिन्नोव्हे नेहमी अर्धी मात्रा आधी घुसते.
तीन वर्षं ओरडतोय मी तिच्यावर.
आज थांबली.
कॉर्नेट ओठाशी, डोळे त्या खुर्चीकडे,
चौथं आवर्तन पुरतं संपू दिलं तिने
आणि मग सगळ्यांना घेऊन
बरोब्बर समेवर आली.

मी काही बोललो नाही.
खोडरबर शोधत राहिलो.