नऊ अक्षरांपर्यंत

उमेओत डिसेंबरात दुपारी दोनलाच अंधारून येतं,
तळघरातल्या या खोलीत त्याच्याही आधी.
दारावर लाल दिवा. आत लेझर, मी,
आणि पैविक्की, जिच्या नावात फिनिश माणसांचा 'दिवस' आहे
आणि डोळ्यांखाली तीन रात्री.

माझं काम साधं. आरसे पुसायचे, किरण वळवायचा,
भिंगावर तेलाचा थेंब ठेवायचा, एकच,
काचा अल्कलीत इतक्या धुवायच्या
की कुणाचं बोट लागलं होतं हेही त्या विसरतील.
बाहेरून बर्फ लोटणारा ट्रक गेला की पडदा थरथरतो.
आम्ही थांबतो.
ट्रक जातो.

किरण काचेवर इतका तिरका पाडायचा
की त्यानं दारातूनच माघारी फिरावं.
तरी उंबऱ्याखालून ओल झिरपावी तसा
केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्शाइतका उजेड पलीकडे जातोच.
त्यात जे टेकलेलं असेल, तेवढंच दिसतं.

पाहुणे म्हणतात, अगदी तारे!
मला नदीपलीकडच्या खिडक्या आठवतात,
ॲडव्हेंटचे सात सात दिवे लावलेल्या,
मागे कुणीतरी बटाटे सोलत असलेल्या.
आत किती जण होते ते विझताना कळतं.
एका झटक्यात अंधार झाला, तर रेणू एकटा होता.
दोन पायऱ्यांनी झाला, तर दोघं होते,
आणि दोघांना पैविक्की यादीतून काढून टाकते.

मी इथे लागले तेव्हा सगळं परीक्षानळीत चालायचं.
अब्जावधी रेणू एकदम जनुकाची नक्कल उतरवायचे
आणि कागदावर यायची एक गुळगुळीत, चढती रेघ.
रेघ कधी अडखळत नाही.

आज चौकोन क्रमांक एकशे बारा.
जनुकाच्या तोंडाशी एक पॉलिमरेज बसलंय,
जागचं न हलता डीएनएचा दोर आपल्याकडे ओढतंय.
हिरवा ठिपका मंदावतो, लाल उजळतो.
दोन अक्षरं जुळतात. चार. सहा.
आणि सुटतं.
दोर मागे सरकतो, लाल मावळतो,
सहा अक्षरांचा तुकडा पाण्यात कुठेतरी जातो.
पुन्हा. पाच. सुटलं.
पुन्हा. आठ.
"अठरावी खेप," पैविक्की पुटपुटते.
मी काही बोलत नाही.

माझ्या एस्किलला 'म' लवकर सोडत नाही.
आईच्या वडिलांना आमच्यात मोरफार म्हणतात,
म्हणजे रविवारी लिक्सेलेला फोन लावला
की वाट नेमकी 'म'वरूनच जाते.
म, म, मो, मग ओठ मिटलेले, मान ताठ.
उपचार करणाऱ्या बाई म्हणतात,
पाचांतल्या चार मुलांचं आपोआप जातं.
एस्किल नऊ वर्षांचा आहे.
त्या चारांची नावं मी विचारली नाहीत.

शिक्षिका त्याला शब्द पुरा करून देतात, शेजारीणही,
म्हाताऱ्यासाठी दार धरून ठेवावं तसा, प्रेमानं.
मीही द्यायचे.
बाबा देत नाहीत. चाळीस वर्षं त्यांनी
रुळांवरचं बर्फ लोटलं.
फोनच्या त्या टोकाला ते नुसते असतात.
कॉफी ढवळल्याचा आवाज येतो.

"गुनव्होर, बघ."
एकशे बारा. लाल. अजून लाल.
नऊच्या पुढे.
मग लाल गेला, आणि परत आलाच नाही.
निघालं ते, मी म्हणते, जनुकावरून पुढे निघालं.
"किंवा रंग जळला," पैविक्की म्हणते,
"अजून दोनशे तरी बघावे लागतील."

वहीतल्या रकान्याचं नाव आहे 'निष्फळ खेपा'.
मी त्यात एकवीस लिहिते.
नाव खोडावंसं वाटतं, पण वही माझी नाही.

रविवारी मी फोनपासून लांब उभी राहीन,
हात खिशात घालून,
ट्रक जाईपर्यंत थांबतो तशी.