उणे नऊशे नव्व्याण्णव

काउकेनेसचा डबा आज उघडला.
बिस्किटांचा डबा, झाकणावर हंस,
आत फिल्मची भेंडोळी
आणि अग्निशमन ठाण्यातल्या नोल्बेर्तो इनोस्त्रोसाचं तिरकं अक्षर:
मशीन तळघरात. बॅटरी बदलली. उंदीर दोन.

माझं काम एवढंच,
रेघेला आकडे द्यायचे, आकड्यांना रकाने.
उत्तर-दक्षिण, पूर्व-पश्चिम, वर-खाली,
एका धक्क्याची तीन भावंडं,
त्यातलं एखादं हरवलेलं असतंच.
ठाण्याखाली खडक की गाळ?
केंद्र किती किलोमीटरवर?
घड्याळ बरोबर होतं का?
नव्हतं.

जे माहीत नाही, त्यालाही आमच्याकडे आकडा आहे:
उणे नऊशे नव्व्याण्णव.
जागा रिकामी सोडली तर प्रणाली अडून बसते,
शून्य लिहिलं तर लोक खरं मानतात.
मागं एका विद्यार्थ्यानं तो आकडा सरासरीत धरला
आणि आख्खं तालका शहर समुद्राखाली गेलं.
आम्ही खूप हसलो.
मग कोणीतरी खिडकी लावून घेतली.
या किनाऱ्यावर अशा गोष्टीला फार वेळ हसत नाहीत.

ही जुनी यंत्रं झोपलेली असायची.
जमीन हलली की दचकून उठायची,
दिवा लागायचा, फिल्म सरकायला लागायची.
म्हणून पहिला क्षण कुठल्याच नोंदीत नाही.
कुत्रं कान टवकारतं, कपबशी किणकिणते,
स्वयंपाकघरातून आई नुसतं "आला" म्हणते,
ते सगळं फिल्मच्या अलीकडचं.

सातवी नोंद मार्चमधली. अठ्ठावन्न सेकंद.
ती सगळ्यांना हवी असणार.
दूरदेशीचे इंजिनिअर ती दीडपट करतील,
अजून न बांधलेल्या पुलांखाली घालतील,
पडला तर पूल पुसून पुन्हा काढतील.
काउकेनेस असं कुठं कुठं हलत राहील,
दर वेळी त्याच दुपारचं.

पण मी अडलो सहावीपाशी.
चार सेकंद. आठ टोकं,
जवळजवळ सारख्या अंतरावर, आणि मग सपाट.
त्या दिवशी देशात कुठंच भूकंप नाही.
एदुविहिसबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला:
"खोटी जाग आहे. काढून टाक."

डब्याच्या तळाशी चिठ्ठी होती.
सहा नंबरची फिल्म वाया गेली.
पोरगी मशीनपाशी दोरीच्या उड्या मारत होती.
माफी असावी.

तारीख फेब्रुवारीची.
पोरीचं नाव नाही. पुढचं काहीच नाही डब्यात.

सहावी मी काढली नाही.
तीव्रता: उणे नऊशे नव्व्याण्णव.
खोली: उणे नऊशे नव्व्याण्णव.
केंद्रापासूनचं अंतर रकान्याला किलोमीटरमध्येच लागतं,
लिहिलं: शून्य पूर्णांक शून्य शून्य एक.
शेरा: उड्या नऊ.
पहिली नोंदीत नाही.