खरी जागा

सांग ओबियोरा, ह्यातलं कुठलं घेऊ, म्हणत
एबुन काचेवरून बोट फिरवते,
मासळी निवडावी तशी.
इकेजाच्या ह्या गल्लीत माझी चार फुटांची टपरी.
काचेखाली नखाएवढी कार्डं, करंगळीएवढे पेनड्राइव्ह,
साबणाच्या वडीसारखी एक हार्ड डिस्क.
मी लगेच उत्तर देत नाही.

मार्चमध्ये पलीकडच्या छत्रीखालून
तिने दोनशे छप्पन्न जीबीचं कार्ड घेतलं होतं,
निम्म्या किमतीत.
अक्षरं सुबक, आत खरी जागा आठ.
नाव सोनुबाई.
कॉम्प्युटरला विचारलं तर तोही म्हणाला दोनशे छप्पन्न.
असली कार्डं कधी नाही म्हणत नाहीत, हीच त्यांची खोड.
भरली तरी या, या करतात,
आणि आलेल्याला मागच्या दाराने
रस्त्यावर सोडतात.

एका लग्नाचे चौदाशे फोटो.
उरले सुरुवातीचे तीनशे:
रिकाम्या खुर्च्या,
टेबलक्लॉथला इस्त्री करणारा पोरगा,
आरशासमोर वधूचा बाप,
टोपी कुठल्या कानावर कलती घ्यावी ह्या विचारात.
पुढे नुसती नावं. उघडली की राखाडी पट्टी.

म्हणून माझा नियम: विकण्याआधी भरून दाखवायचं.
काठोकाठ.
मग भरलेलं सगळं परत वाचायचं, अक्षरन् अक्षर.
दीड तास लागतो. गिऱ्हाईक कंटाळून निघून जातं.
एबुन स्टुलावर बसते, भाजलेलं कणीस सोलते.

आणि ही हिरवी पट्टी? लॅपटॉप फार रेंगाळतो माझा.
ती रॅम. कामापुरतं धरते,
वीज गेली की कोरी.
आमच्या घरमालकासारखी, ती म्हणते,
दिलेलं भाडं दुसऱ्या दिवशी आठवत नाही.

एकाहत्तर टक्क्यांवर वीज गेली.
गल्लीभर जनरेटर एकामागून एक खोकत उठले.
पुन्हा शून्यापासून.

मग मी विचारलंच, वधू काय म्हणाली?
दोन आठवडे फोन उचलला नाही तिने.
नंतर आली, एकच फोटो निवडला. टोपीचा.
बाकी सगळा दिवस पाहुण्यांच्या फोनांत आहे म्हणाली,
त्यात बाबा हसतातच.
घाबरलेले फक्त इथे आहेत.

अंधार पडायला लागला तेव्हा आकडा आला.
एकशे अठ्ठावीसपैकी एकशे एकोणीस.
ही लबाडी नव्हे, मी समजावू लागलो,
कंपनीची मोजायची रीत वेगळी,
कॉम्प्युटरची वेगळी...
पावतीवर एकशे एकोणीसच लिही, ती म्हणाली.

जुनं कार्ड फोडू का? हातोडी आहे माझ्याकडे.
तिने ते पर्समध्ये, चिल्लरच्या कप्प्यात सरकवलं.
असू दे.
आठ आहेत त्यात.
आठ खरे आहेत.